फालेसीच्या कापडाची उलटी बाजू

आमच्या हॉस्पिटलातून पोटाचं ऑपरेशन झालेली बायको घरी न्यायची, तर नवऱ्याला आधी एक परीक्षा द्यावी लागते. वायसन नखोमा त्याला नळावर नेतो, वीस लिटरची बादली भरायला लावतो आणि ती वॉर्डाच्या दारापर्यंत आणायला सांगतो. सगळ्या वॉर्डासमोर. आता आमच्याकडे पाणी भरणं हे बायकांचं काम, त्यामुळे पुरुषमाणसाला डोक्यावर बादली काही तोलता येत नाही. निम्मं पाणी अंगावर सांडतं, बायका तोंडाला पदर लावावा तसं आपलं चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, लावून खिदळतात, आणि नवरा मनातल्या मनात वायसनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. एकदा एका गावच्या मुखियाने साफ नकार दिला. वायसन म्हणाला, हरकत नाही, मग बाई राहतील इथेच, तुम्ही दोन वेळचं जेवण तेवढं आणत जा. तिसऱ्या दिवशी मुखियाने मुकाट्याने बादली उचलली.

नवीन माणसाला ही वायसनची खोड वाटते. ज्यांना फालेसीचं काय झालं ते माहीत आहे ते हसत नाहीत.

वायसन काही डॉक्टर नव्हे. तो क्लिनिकल ऑफिसर. पण मलावीत जिल्ह्याच्या हॉस्पिटलात सुरी बहुतेक त्याच्यासारख्यांच्याच हातात असते, कारण डॉक्टर एक, आणि तोही निम्मा महिना मीटिंगला. एकवीस वर्षांत वायसनने किती पोटं उघडली आणि शिवली त्याची गणती त्याला स्वतःलाही नाही. लोक त्याला डॉक्टरच म्हणतात. त्याने आधी आधी दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं.

फालेसी त्याची धाकटी बहीण. सरोवराच्या काठी त्यांचं गाव, तिथल्या चर्चच्या गायकवृंदात ती पुढच्या रांगेत उभी राहायची. आवाज असा, की मागच्या रांगेतले बेसूर तिच्यात झाकून जायचे. तिच्या अंडाशयाला गाठ झाली, नारळाएवढी. आमच्यात बहिणीच्या बऱ्यावाईटाचा जाब भावाला विचारतात, नवऱ्याला नव्हे. त्यामुळे ऑपरेशन दुसऱ्या कुणी करायचा प्रश्नच नव्हता, आणि दुसरं कुणी होतंही कुठे. वायसनने स्वतःच्या हाताने तिचं पोट बेंबीपासून खाली वीतभर उघडलं, गाठ काढली, नीट शिवलं. सातव्या दिवशी ती चालत घरी गेली. दोन महिने जड उचलायचं नाही, हे त्याने तिला दहादा बजावलं. ती म्हणाली, "हो रे दादा, कळलं." एकोणिसाव्या दिवशी घरात पाणी नव्हतं, पोरं तहानलेली होती, नवरा मासेमारीला गेलेला. तिने विहिरीच्या पंपावर बादली डोक्यावर घेतली आणि टाके उसवले. सायकलटॅक्सीवर मागे बसवून तिला हॉस्पिटलात आणलं, सात मैल. वायसनने दारातच तिला उतरवून घेतलं. ती तिथून परत आली नाही, ना घरी, ना गाण्याच्या रांगेत.

टाके चांगले होते. हे सगळे म्हणतात, आणि ते खरंही आहे. वायसनला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

त्यानंतर वर्षभराने लिलाँग्वेला तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथे त्याने पहिल्यांदा दुर्बिणीचं ऑपरेशन पाहिलं. पोटाला तीन भोकं, बोटाच्या पेराएवढी. एका भोकातून कॅमेरा आत, बाकीच्या दोनांतून लांब दांड्याची अवजारं, आणि डॉक्टर बाई रुग्णाच्या पोटाकडे बघतच नाहीत, त्या बघतात समोरच्या पडद्याकडे. तशीच अंडाशयाची गाठ होती. तिसऱ्या दिवशी ती रुग्ण बाई आपलं आपण उठून बसली. वायसन त्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. बाजूच्याने विचारलं, काय झालं, तर म्हणाला, काही नाही, त्या औषधाचा वास डोळ्यात गेला.

शिकवायला डॉ. म्सिस्का नावाच्या बाई होत्या, ब्लँटायरच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, कडक. त्यांनी सांगितलं, आत सगळं उलटं असतं. दांडा मध्येच भोकात अडकलेला, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. शिवाय पडद्यावरचं चित्र चपटं, त्यात काय जवळ आणि काय लांब ते कळत नाही, सावलीवरून ओळखायचं. या उलट्याची सवय व्हायला महिने लागतात, काहींना होतच नाही. वायसनच्या वाट्याला अवजार काही आलं नाही, रांग मोठी होती. पण निघताना बाईंनी त्याला दोन जुने लांब चिमटे दिले. एकाची मूठ तुटकी होती. म्हणाल्या, सराव करा, सप्टेंबरपासून एक जागा आहे, वर्षभराचं शिक्षण, चाचणी जुलैत. चाचणीच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं.

वायसन चव्वेचाळीसचा होता. येत्या ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण. म्हणजे जागा एक, आणि संधीही एकच.

घरी आल्यावर त्याने सलाइनच्या बाटल्यांचं खोकं घेतलं. झाकणाला दोन भोकं पाडली, एक बाजू उजेडासाठी कापली. टीव्ही होता, परिचारिकांच्या खोलीतून टाकून दिलेला, कोपऱ्यात एक हिरवा डाग पडलेला. कॅमेरा म्हणून त्याचा स्वतःचा फोन. त्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्याची काच बाजारात पडून फुटलेली, त्यातून सगळं धुक्यातल्यासारखं दिसायचं. पण पुढचा कॅमेरा, ज्यात बघून माणूस भांग पाडतो, तो ठणठणीत होता. त्याने फोन झाकणाच्या आतून चिकटवला, त्या कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं आणि वायर टीव्हीला जोडली. चित्र आलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नसेल, असं एलुबी म्हणायची.

एलुबी त्याची बायको. पहिलीच्या वर्गाची मास्तरीण, एका वर्गात शंभर पोरं, त्यामुळे घरी आल्यावर तिला आवाज सहन होत नाही आणि स्वतःचा मात्र खाली येत नाही. खोक्याच्या तळाला काहीतरी अंथरायला हवं होतं, पुठ्ठ्यावरून सरावाचे तुरीचे दाणे घरंगळत होते. वायसनने ट्रंकेतून फालेसीचं गायकवृंदाचं चितेंजे काढलं. निळं कापड, त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘म्तेंडेरे’, म्हणजे शांती, त्यांच्या गायकवृंदाचं नाव. त्याचा तुकडा त्याने तळाला लावला, पण उलटा. छापील बाजू खाली. एलुबीने विचारलं, असं का, तर म्हणाला, तिच्या गायकवृंदाच्या अक्षरांना चिमट्याने टोचत बसू का मी?

कापड पातळ होतं. अक्षरं मागूनही फिकट उमटलेली. एका दुपारी एलुबी चहा घेऊन आली आणि टीव्हीकडे बघत उभी राहिली. हिरव्या डागाच्या खाली, तुरीच्या दाण्यांच्या मागे, पुसट पण सरळ वाचता येत होतं, म्तेंडेरे.

"फालेसी बघतेय हो तुमच्याकडे," ती म्हणाली.

वायसनलाही तेच वाटलं होतं. म्हणून तर रोज कामावरून आल्यावर तो आधी त्या अक्षरांकडे एकदा बघायचा आणि मगच चिमटे हातात घ्यायचा.

आणि हात चालले हो. सगळ्यांनी घाबरवून सोडलं होतं, महिने लागतात, डोकं फिरतं. वायसनला पंधरा दिवसांत जमलं. डाव्या हातातला चिमटा पडद्यावर उजवीकडून यायचा, तेवढं विचित्र वाटायचं. त्याला वाटलं, हेच ते उलटं. तेवढी सवय झाली की पुढे सगळं सोपं होतं. हात उजवीकडे नेला की चिमट्याचं टोक पडद्यावर उजवीकडेच जायचं, मनात आलं की तिथे. सावल्या तो चांगल्या ओळखू लागला. बारा दाणे बाटलीच्या एका झाकणातून दुसऱ्या झाकणात, आधी पाच मिनिटं, मग दोन, मग मिनिटाच्या आत. एलुबी घड्याळ घेऊन मोजायची. वीज गेली की तो चरफडायचा, आली की जेवणावरून उठायचा. मक्याच्या पिठाची न्सिमा ताटात गार व्हायची आणि एलुबी म्हणायची, तडालाच्या बाबांनी दुसरं लग्न केलंय, सवत खोक्यात राहते. तडाला त्यांची मुलगी, ती झोंबाला बोर्डिंगात. तिलाही फोनवर हाच विनोद ऐकवून झाला होता.

मनातून वायसन फुगला होता. कुणाला सांगायचा नाही, पण वॉर्डात चालताना कळायचं. एकवीस वर्षं वीतभर कापणाऱ्या हाताला देवाने हे दुसरं काही देऊन ठेवलं होतं, आणि ते फालेसीपायी बाहेर आलं, असं त्याने धरून ठेवलं. हे त्याने फक्त एलुबीला बोलून दाखवलं, तेही एकदाच.

सहा महिन्यांनी, जुलैत, तो चाचणीला ब्लँटायरला गेला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पिशवीत उकडलेली रताळी. सहा उमेदवार, त्यात हाच वयाने मोठा. टेबलावर खरी सरावपेटी, समोर खरा पडदा, स्वच्छ, एकही डाग नसलेला. पलीकडे डॉ. म्सिस्का वही घेऊन. त्यांनी ओळखलं, म्हणाल्या, "या नखोमा, चिमटे वापरले का माझे?" तो हसला. पहिलं काम अगदी त्याचंच, खुंट्यांवरच्या कड्या उचलून पलीकडच्या खुंट्यांवर घालायच्या.

त्याने चिमटा घातला. डाव्या हातातला डावीकडून आला. त्याला वाटलं, पेटी फिरवून ठेवली असावी. कडीकडे हात नेला तर चिमटा लांब पळाला. त्याने आणखी नेला, तो आणखी पळाला आणि भिंतीवर आपटला. वर-खाली ठीक जात होतं, आडवं मात्र प्रत्येक वेळी उलटं. कधीच चिमटा न धरलेल्या माणसाने निदान सावकाश चाचपडत केलं असतं. वायसनचे हात सहा महिन्यांचे तयार, ते विचारायला थांबतच नव्हते. जितका जोर लावावा तितके चुकत होते. घाम डोळ्यांत गेला. वेळ संपली तेव्हा एक कडी खुंटीवर होती आणि तीन पेटीच्या कोपऱ्यात पडलेल्या. दुसऱ्या कामात हातमोज्यावर आखलेला गोल कापायचा होता, तो त्याने मधोमध फाडला. मागे कुणीतरी खोकलं. हसू दाबल्यासारखं.

डॉ. म्सिस्कांनी वही मिटली. आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"किती सराव केलात?"

"सहा महिने, मॅडम. रोज."

बाईंनी त्याच्या हातांकडे बघितलं. "मग सोडून द्या, नखोमा. तुमचे हात वाईट नाहीत. पण काही हात या कामाचे नसतात. तुम्ही तुमचं काम करा, तिथे तुमची गरज आहे."

जागा एका तिशीतल्या मुलाला मिळाली. चांगला मुलगा, त्याने निघताना वायसनची पिशवीसुद्धा बसपर्यंत आणून दिली. वायसन सहा तास बसमध्ये मांडीवर हात ठेवून बसला. रताळी तशीच परत आली.

चार दिवस त्याने खोक्याकडे बघितलं नाही. वॉर्डात जेवढ्यास तेवढं. पाचव्या दिवशी, शनिवारी, त्याने ते खोकं उचललं आणि म्हणाला, चुलीत घालतो. एलुबीने हातातून ओढून घेतलं. घाला की, म्हणाली, पण कापड आधी काढून द्या, आईंकडे परत पाठवायचंय. ते काय तुमच्या रागावर जाळायचं? टीव्ही आणि फोन तसेच जोडलेले होते. त्याने सवयीने बटण दाबलं आणि खुर्चीत बसला. पडद्यावर पुसट अक्षरं आली. एलुबी गुडघ्यावर बसली आणि उजेडाच्या बाजूने खोक्यात हात घालून कापडाची टोकं सोडवू लागली. मग ती थांबली. आत वाकून बघितलं. मान वर करून टीव्हीकडे बघितलं. परत आत.

"तडालाचे बाबा," ती म्हणाली, "आत अक्षरं उलटी आहेत. पहिलीतली पोरं काढतात तशी. आणि टीव्हीवर सुलटी. हे कसं?"

"कापड पालथं घातलंय ना," तो कंटाळून म्हणाला. "मागून बघितलं की उलटंच दिसणार."

"ते कळलं हो मला. मग टीव्हीवर सुलटं का?"

वायसन उठला, एलुबीच्या बाजूला जमिनीवर बसला, आत बघितलं. पालथं कापड, उलटी अक्षरं, जशी असायला हवीत तशी. वर बघितलं. कॅमेऱ्याने जे आहे ते दाखवलं असतं तर पडद्यावरही उलटीच दिसायला हवी होती. भांग पाडायचा तो कॅमेरा, तो माणसाला आरसा दाखवतो. उजवं डावीकडे, डावं उजवीकडे. दांडा भोकात अडकून चिमटा जेवढा उलटा जात होता, तेवढाच आरसा त्याला परत सुलटा करत होता. म्हणून तर पंधरा दिवसांत जमलं होतं. देवाने दिलेलं वेगळं काही नव्हतं त्यात. ज्या अवघड गोष्टीचा सराव करायला तो रोज बसत होता, ती त्या खोक्यात कधी नव्हतीच.

कापड सरळ घातलं असतं तर पहिल्याच दिवशी टीव्हीवर बहिणीच्या गायकवृंदाचं नाव उलटं दिसलं असतं आणि दोन मिनिटांत चूक कळली असती. त्याने मायेने ते पालथं घातलं, आणि दोन उलट्यांचं मिळून एक सुलट झालं. सहा महिने तो ते सरळ वाचत राहिला.

"म्हणजे तुमचे हात बरोबर होते," एलुबी हळूच म्हणाली. तिला वाटलं, ही चांगली बातमी आहे.

तेव्हा तो रडला. औषधाच्या वासाचं निमित्त न सांगता, जमिनीवर बसून, ते कापड तोंडाला लावून. एलुबीने आधी टीव्ही बंद केला, मग दार लावून घेतलं, आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

त्याने डॉ. म्सिस्कांना पत्र लिहिलं. एलुबीने तीनदा सुधारलं, कारण पहिल्या दोनांत तो नुसती माफी मागत होता. उत्तर आलं, लांबलचक. बाईंनी लिहिलं होतं, की मी तुम्हाला जे म्हणाले ते मागे घेते, मला विचारायला हवं होतं तुम्ही सराव कशावर केलात. यापुढे माझ्याकडे कुणीही घरची पेटी केली तर तिच्या तळाला आधी छापील कागद घालायला लावीन. पण जागा देऊन झाली आहे, नखोमा, आणि वयाची अट माझ्या हातात नाही. ऑगस्ट उजाडला. पंचेचाळीस पूर्ण झाली.

शहाणा माणूस इथे थांबला असता. वायसनने एलुबीचा फोन मागून घेतला, ज्याचा मागचा कॅमेरा धड होता. कापड सरळ घातलं, अक्षरं वर. आणि शून्यापासून सुरू केलं. खरं सांगायचं तर शून्याच्याही खालून, कारण शिकलेलं आधी विसरायचं होतं. हात ऐकेनात. कधी चिमटा टाकून तो अंगणात जाऊन उभा राहायचा. एलुबी विचारायची, आता कशासाठी हे? तो म्हणायचा, असंच. पाच महिने गेले. एका रविवारी चर्चहून आल्यावर त्याने बारा दाणे हलवले आणि एलुबीने घड्याळाकडे बघितलं.

"एक्कावन्न सेकंद," ती म्हणाली.

वायसनने चिमटे पुसून कापडावर ठेवले, म्तेंडेरेच्या शेजारी. म्हणाला, "झालं गं, फालेसी." त्या खोलीत तिघंच होती म्हणायची, त्याच्याखेरीज एक जिवंत आणि एक नसलेली. बाकी कुणाला हे कळलं नाही.

परवाच्या गुरुवारी वॉर्डात एक बाई आली. तिशीची, दोन मुलांची आई, अंडाशयाला गाठ. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा. बाईने वायसनला विचारलं, डॉक्टर, केवढं कापणार? वायसनने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. ती घाबरली. म्हणाली, माझ्या जावेच्या बहिणीचं ब्लँटायरला नुसत्या भोकांतून केलं म्हणे, चौथ्या दिवशी शेतावर गेली.

"हो, होतं तसं तिकडे, यंत्रं आहेत त्यांच्याकडे," वायसन म्हणाला.

"आणि इथे? इथे कुणालाच येत नाही का ते?"

खाटेजवळची नर्स वायसनकडे बघत होती. त्याने बाईच्या चादरीची घडी सारखी केली.

"नाही, बाई," तो म्हणाला. "इथे कुणाला येत नाही."

मग तो नवऱ्याकडे वळला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, चला, नळ कुठे आहे तो दाखवतो, आठवडा आहे तुमच्याकडे, आजपासून सवय करा.